चादरीआडचं मोजमाप

माघातला रविवार, सकाळची वेळ. रक्कम माणशी पन्नास रुपये, रोख. ठिकाण कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीचा तळमजला, बाईंचा हॉल. हजर: मी, माझी बायको, तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका, आणखी सहा शेजारी आणि स्वतः बाई. बाई आणि मी सोडून बाकी सगळ्यांच्या नाकाखाली कापराचा बाम फासलेला होता. पांढऱ्या मिशा लावल्यासारखी आठ माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. बाईंनी हसायला बंदी केली होती, कारण हसलं की बाम पुसला जातो.

हे पन्नास रुपये आम्ही बाईंना द्यायचे नव्हते, त्या आम्हाला देणार होत्या. एका मोजमापाचे पन्नास. मी सोसायटीचा खजिनदार. पैसा उलट्या दिशेने जाताना दिसला की मला विचारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "बाई, तेल तुमचं, मेहनत तुमची, वर पैसेही तुम्हीच देणार?"

"अहो खजिनदार, तेल फुकट दिलं की माणूस मिंधा होतो. मग मला बरं वाटावं म्हणून 'बरं वाटतंय' म्हणतो. पैसे घेतले की कामावर आल्यासारखा खरं बोलतो."

"कशावरून?" मी विचारलं. हा प्रश्न त्यांचाच होता, म्हणून मुद्दाम विचारला.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तेवढं एक मी मानून चालले आहे," त्या म्हणाल्या. "तपासलेलं नाही."

बाई एका फार्मसी कॉलेजात शिकवायच्या. दुखणं आणि सूज हा त्यांचा विषय. उंदराच्या पंजाला सूज आणायची, औषध द्यायचं, मग पंजा पाण्यात बुडवून पाणी किती चढतं ते बघायचं. सूज उतरली तर पाणी कमी चढतं. एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. सोसायटीत पाठीमागे त्यांना उंदीरबाई म्हणत आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. एकदा पार्किंगमधल्या घुशींसाठी आम्ही औषध टाकणारा माणूस बोलावला, तर बाईंनी त्याला आपल्या खिडकीखाली फिरकू दिलं नाही.

"त्यांच्या पायांवर माझा पगार निघाला. आता म्हातारपणी त्यांना विष घालू?"

"बाई, या घुशी आहेत. तुमचे ते पांढरे उंदीर होते."

"चुलत आहेत," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. पुढे त्या चुलत भावंडांनी जोशीकाकांच्या स्कूटरची वायर कुरतडली. बाईंनी दुरुस्तीचे पैसे दिले, पण गॅरेजची पावती मागून घेतली.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती एका तक्रारीमुळे. जिन्यात दोन दिवस कसला तरी उग्र, कडवट वास कोंडला होता. जोशीकाकूंचं डोकं चढलं. समितीने ठरवलं की लेखी समज द्यायची, आणि ती पोचवायला मला धाडलं. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं आणि मागे गॅलरीत मोठा कुकर रटरटत होता. त्याची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली होती. नळी बर्फाच्या बादलीतून फिरून एका बाटलीत उतरत होती.

"समितीचं पत्र आहे," मी म्हणालो.

"टेबलावर ठेवा आणि ही नळी धरा. बर्फ संपत आलाय."

मी नळी धरली. काय करणार? शेजारी पोतंभर पाला पडला होता. कालव्याच्या कडेची निरगुडी, बाई स्वतः जाऊन तोडून आणत. बराच वेळ थेंब थेंब पाणी पडत राहिलं. शेवटी त्यांनी बाटली उजेडात धरली. पाण्यावर तेलाचा बारीकसा थर तरंगत होता, नखाच्या कडेएवढा.

"पोतंभर पाला, दोन दिवस गॅस आणि एवढं तेल. चमचाही भरायचा नाही. आता बाजारात बाटलीभर शुद्ध निरगुडी तेल ज्या भावाने मिळतं, तो भाव कसा परवडतो याचा हिशेब तुम्ही मांडा. खजिनदार ना तुम्ही?"

मी घरी येऊन खरंच मांडला. बसला नाही. तेव्हापासून दुकानातल्या बाटलीवरचं 'शुद्ध' मी निराळ्या नजरेने वाचतो. बाईंनी समितीच्या पत्राची पोच सही करून दिली आणि पुढचे कुकर भर दुपारी लावले, लोक कामाला गेल्यावर.

'कशावरून' हा शब्द त्या सगळ्यांना सारखाच वापरत. भाजीवाला म्हणाला, मेथी आजचीच आहे. कशावरून? गणपतीच्या बैठकीत कोणी म्हणालं, यंदा लोकांचा उत्साह कमी दिसतोय. कशावरून? लोक चिडत. त्यांच्या आवाजात मात्र टोमणा नसायचा. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं, आणि नीट उत्तर मिळालं तर त्या लगेच "मग बरोबर आहे" म्हणून गप्प बसत. हे दुसरं लोकांच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्याच्या अंगाला लावायचं ते आधी आपल्या अंगाला, हा त्यांचा नियम. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने चौकटी आखलेल्या असत आणि एकेका चौकटीत एकेक तेल लावलेलं असे. गवती चहा, लवंग, निरगुडी. एका चौकटीच्या जागी तपकिरी डाग कायमचा राहिला होता. कोणी "नैसर्गिक आहे हो, त्याने काय अपाय होणार" असं म्हणालं की बाई बाही वर करून तो डाग पुढे करत. "हे दालचिनीचं. अगदी नैसर्गिक. मी स्वतः काढलेलं. फोड आला होता एवढा."

तर असं तपासता तपासता त्यांच्या मनाने घेतलं की निरगुडीच्या तेलाने दुखणं आणि सूज खरंच उतरते का, हे आता माणसांवर बघायचं. उंदराला 'बरं वाटतंय' म्हणता येत नाही, ही त्यांच्या मते उंदराची मोठी सोय होती. माणसाला म्हणता येतं, म्हणून बंदोबस्त जास्त लागतो.

आता माझ्या बायकोच्या हाताबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ती घरी ब्लाउज शिवते. काज मशीनवर करत नाही, हाताने करते, आणि त्यासाठी कोथरूडहून बायका येतात. दिवाळीनंतर तिच्या उजव्या हाताची बोटं सुजायला लागली. सकाळी दुधाची पिशवी फाडता येईना. शर्टाचं बटण लावायला घेतलं की ती खिडकीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे मला चेहरा दिसू नये. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलायची. तिच्या आईला हाच आजार होता. आईने कितीतरी वर्षं कुठल्याशा डॉक्टरच्या पुड्या खाल्ल्या. चेहरा सुजून गोल झाला आणि बोटं वाकायची ती वाकलीच. शेवटी त्यांना वाटी दोन्ही मनगटांत धरावी लागे. बायकोने त्यातून एवढंच घेतलं होतं की औषधाने चेहराही जातो आणि बोटंही. मला मात्र ती वाटी दिसायची.

बाईंनी तेलासाठी माणसं गोळा करायला घेतली तेव्हा बायको आपणहून खाली गेली. मी सोबत होतो. बाईंनी तिचा हात हातात घेतला, एकेक सांधा हलका दाबला.

"सकाळी किती वेळ आखडलेली असतात?"

"गॅलरीत ऊन येईपर्यंत."

"आधी सांधेतज्ज्ञाची वेळ घे. मला ती दाखव. मग बाटली मिळेल."

"पण तेलाने जर उतरलं तर…"

"अगं, उतरतं का नाही हेच मला माहीत नाही, म्हणून तर तपासायचंय. ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही त्याच्या भरवशावर तुझा हात ठेवू होय?"

बायकोने नाखुशीने वेळ घेतली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची, दीड महिन्यानंतरच्या गुरुवारची. दुसरं मोजमाप त्याच्या आधीच्या रविवारी होतं. मला हे बरं वाटलं. तेल लागू पडो न पडो, गुरुवार तर ठरलाच होता.

माणसं निवडताना बाईंनी गुडघेवाल्यांना परत पाठवलं. त्यांनी टीनवाल्याकडून एक उंच स्टीलचं पात्र करून घेतलं होतं, वरच्या काठाला तोटी असलेलं. काठोकाठ पाणी भरायचं, त्यात सुजलेला हात किंवा पाऊल बुडवायचं आणि तोटीतून सांडलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात धरायचं. गुडघा त्यात मावत नव्हता. जोशीकाका गुडघेवाले. ते रागावून वर गेले आणि दुसऱ्या दिवशी लंगडत खाली आले.

"आता घोटाही दुखतो," ते म्हणाले.

"कालपासून?"

"रात्रीपासून."

बाईंनी घोटा पाहिला. थोडा सुजलेला होता, हे मान्य करावं लागलं. काकांना घेतलं.

अर्ध्या बाटल्यांत नुसतं तीळतेल, अर्ध्यांत तीळतेलात निरगुडीचं तेल मिसळलेलं. कोणती बाटली कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून मी ठरवलं आणि ते माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. वासावरून ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकाने बाटली उघडण्याआधी नाकाखाली बाम लावायचा, घरीसुद्धा. बायकोच्या बाटलीत निरगुडी होती. हे पोटात ठेवून मी दीड महिना तिच्याशेजारी जेवलो. ती विचारायची, "सांगा ना, माझ्यात काय आहे?" मी म्हणायचो, "आमटी वाढ."

आणि शेवटचा बंदोबस्त बाईंनी स्वतःसाठी केला होता. हॉलच्या मध्ये कपड्याच्या दोरीवर त्यांनी सोलापुरी चादर टांगली. पात्र चादरीच्या पलीकडे, तोटी चादरीच्या फटीतून अलीकडे. अलीकडे बाई मोजपात्र घेऊन बसलेल्या. पलीकडे एकेकाने जायचं, नंबराची चिठ्ठी फटीतून सरकवायची, खुणेपर्यंत हात बुडवायचा आणि बाहेर यायचं. "हात कोणाचा आहे हे मला दिसलं तर माझं मन त्याच्या बाजूने पाणी मोजेल," त्या म्हणाल्या. "लाडकी माणसं मलाही आहेत." हे त्या बायकोकडे न बघता म्हणाल्या, पण मला कळलं.

पहिल्या रविवारी, मोजमाप सुरू होण्याआधी, एक अडचण आली. बायकोच्या हातात अर्धा डझन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, सव्वादोनच्या मापाच्या. हात खाली केला की त्या घरंगळून मनगटावर यायच्या, म्हणजे पाण्यात बुडायच्या. तिची खूण मनगटाच्या वरच्या तिळाची होती.

"काढता आल्या तर बरं," बाई म्हणाल्या.

बायकोने साबण लावून प्रयत्न केला. बोटांच्या मुळाशी येऊन त्या अडत होत्या. "निघत नाहीत. आणि वाढवायच्या तर मला बरं नाही वाटत, बाई."

"राहू देत. दोन्ही वेळा असल्या म्हणजे झालं."

दीड महिना गेला. बायको रोज सकाळ-संध्याकाळ बाम लावून तेल चोळत होती. "बरं वाटतंय," असं मला सांगायची. बाईंना सांगायची नाही, तिथे तो शब्द चालत नव्हता. दुधाची पिशवी अजून मीच फाडत होतो. पण तेल चोळताना तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल व्हायचा, हे मी पाहत होतो आणि त्यावर विसंबत होतो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा बाम, पुन्हा खुर्च्या, पुन्हा चादर. सगळे गेल्यावर बाईंनी आकडे मांडले आणि मी माझी यादी उघडली. पाच नंबरच्या हाताचं पाणी सात मिलीने उतरलं होतं. पाच नंबर म्हणजे माझी बायको.

"बाई!" मी म्हणालो.

बाईंनी आकड्याखाली दोनदा रेघ मारली. "सात जरा जास्तच आहेत," त्या म्हणाल्या. "आणि एकीच्या हातावरून काही ठरत नाही."

मी ऐकलं नाही. घरी जाऊन सांगितलं. बायको रडली, मग हसली, मग देवापुढे साखर ठेवली. सोमवारी सकाळी मी ऑफिसात असताना तिने दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. "उगाच दुसऱ्या कोणाची अडवून कशाला ठेवायची," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही खाली गेलो. बाईंनी दार उघडलं.

"कसले पेढे?"

"हात उतरल्याचे," बायको म्हणाली.

"कशावरून?"

"तुमच्याच पाण्यावरून की!" ती हसली आणि पेढ्यांचा डबा पुढे केला.

बाईंची नजर डब्यावर नव्हती, मनगटावर होती. तिथे पेचाची एकच सोन्याची बांगडी होती.

"तुझ्या हिरव्या बांगड्या कुठे गेल्या?"

"वाढवल्या. कासाराकडे जाऊन."

"कधी?"

"शनिवारी. तुम्ही पहिल्या वेळी म्हणाला होतात ना, काढता आल्या तर बरं? म्हटलं आता रविवारच्या आत काढूनच टाकू, तुमच्या मोजण्यात नको मध्ये. तशाही रुतायलाच लागल्या होत्या. फार घट्ट झाल्या होत्या."

"आणि ही सोन्याची?"

"पाण्यात घालताना काढली होती."

बाई खुर्चीवर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, सूज उतरली असती तर त्या सैल झाल्या असत्या."

मला समजायला जरा वेळ लागला. बायकोला माझ्या आधी समजलं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि उजवा हात पदराखाली घेतला.

"तुकडे टाकून दिलेस?"

"नाही. ते असे टाकत नाहीत. डबीत आहेत."

"आण."

ती वर जाऊन डबी घेऊन आली. बाईंनी मोजपात्रात पाणी घेतलं, आकडा पाहिला, हिरवे तुकडे एकेक करून आत सोडले, पुन्हा आकडा पाहिला. मग पाणी ओतून तुकडे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून. तीनदा. तिन्ही वेळा पाणी नऊ मिली चढलं. पहिल्या रविवारी पात्रात हात होता आणि बांगड्या होत्या. दुसऱ्या रविवारी नुसता हात. नऊ मिलीच्या बांगड्या गेल्या आणि पाणी सातच मिली उतरलं. मला कागद लागला नाही. हात दोन मिलीने वाढला होता.

"पाणी बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "चादर माझी चुकली. मी पक्षपात करू नये म्हणून चादर लावली आणि हाताकडे बघायचंच राहिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं मोजमाप रद्द. पन्नास रुपये परत दे."

मला राग आला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आणि ही बाई पन्नास रुपये मागते. पण बायकोने पर्समधून नोट काढून दिली. नंतर घरी म्हणाली, "बरं झालं मागितले. त्यांनी माझी कीव केली असती तर मी तिथेच मोडले असते."

त्या रात्री जेवणं झाल्यावर बेल वाजली. दारात बाई, हाताने कठडा धरून, धापा टाकत. लिफ्ट बंद होती. "पाच नंबरचं मोजमाप चुकलं होतं, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, आम्हीच होतो की तिथे."

"सगळ्यांना सांगतेय, तुम्हाला वगळून कसं चालेल?" आणि पुढच्या जिन्याला लागल्या. वरून जोशीकाकांचा आवाज ऐकू आला. "अहो, पण आम्ही कुठे विचारलं होतं?" आणि बाईंचा, "विचारलं नव्हतं म्हणूनच सांगायला आले."

दवाखान्यातली वेळ तोवर दुसऱ्या कोणाला गेली होती. पुढची मिळत होती ती आणखी दीड महिन्याने. बाई म्हणाल्या, आपण गुरुवारी जायचं. मी रजा काढली. काउंटरवर एक तरुण मुलगी होती.

"मॅडम, आज स्लॉट नाहीये. फुल आहे."

"कशावरून?"

"सिस्टीममध्ये दिसतंय ना."

"नाव दिलेले सगळे येतात?"

मुलीने जरा विचार केला. "तसं नाही. एखाद-दुसरा येत नाही."

"मग आम्ही त्याच्यासाठी बसतो," बाई म्हणाल्या आणि मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. पिशवीत ते स्टीलचं पात्र होतं. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तिघं तिथे होतो. बायकोने दोनदा "घरी जाऊया" म्हटलं. बाईंनी दोन्ही वेळा तिला चहा पाजला. दुपारी एकजण आलाच नाही आणि आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टरीणबाईंनी हात तपासला, बाईंचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, बांगड्यांसकट. हसल्या नाहीत. रक्त तपासायला दिलं, हाताचा फोटो काढायला लावला. फोटो बघून म्हणाल्या, "आतून सूज आहे, पण सांधे अजून शाबूत आहेत. वेळेत आलात. अजून काही महिने असंच काढलं असतं तर अवघड होतं."

वेळेत. मी तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला.

बायकोच्या वतीने बाईंनीच विचारलं, "हिची आई पुड्या खाऊन सुजली होती. हिचा चेहरा सुजेल का?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या पुड्यांत बहुधा स्टेरॉइड असावं, आणि आता लिहून देतेय ते औषध वेगळं आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं. याचाही त्रास होऊ शकतो, म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासत राहायचं.

"तपासत राहणार असाल तर घेते," बायको म्हणाली. इतके महिने मी जे सांगून थकलो होतो ते तिने असं एका वाक्यात मान्य केलं.

तेलाचं काय झालं, हे सांगायला हवं. बाईंनी निकाल अर्ध्या पानावर लिहून नोटीस बोर्डावर लावला. चोळल्याने दुखणं थोडं कमी वाटतं, दोन्ही तेलांनी. निरगुडीने सूज उतरली असं या मोजमापात दिसलं नाही. आठ माणसांवरून याहून जास्त काही म्हणता येत नाही. शेवटची ओळ त्यांनी लाल शाईने लिहिली होती: एक मोजमाप माझ्या चुकीने रद्द. जोशीकाका तो कागद वाचून तडक बाईंकडे गेले.

"मला तर फरक पडलाय. घोटा दुखायचा थांबला."

"काका, तुमच्या बाटलीत नुसतं तीळतेल होतं."

"असेल," ते म्हणाले. "पण चांगलं होतं. कोणत्या घाण्याचं?" बाईंनी घाण्याचा पत्ता दिला. काका अजून तिथूनच तेल आणतात.

दुसऱ्या वर्षी बाईंचे गुडघे फारच गेले आणि भाचीने त्यांना शहराबाहेरच्या मांजरी गावात आपल्याकडे नेलं. नव्या इमारतीतला सहावा मजला, खिडकीतून खाली उसाचे फड आणि पलीकडे आणखी इमारती. कुकर भाचीने माळ्यावर टाकला होता. बाईंनी नव्या सोसायटीत कोणाला काही तपासायला सांगितलं नव्हतं, असं भाची म्हणाली. बाई म्हणाल्या, अजून माणसं पाहतेय.

आम्ही गेलो तेव्हा बायकोने बाईंसाठी एक ब्लाउज शिवला होता, काज हाताने केलेली. बाईंनी चष्मा लावून एकेक काज पाहिलं. "चांगली आहेत," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीतून भाचीला ते पात्र आणायला लावलं आणि कपड्याच्या दोरीवर चादर टांगायला लावली, तीच सोलापुरी. भाची माझ्याकडे बघून हसली. तिला सवय झाली असावी.

"पाच नंबर," बाई चादरीच्या अलीकडून म्हणाल्या. "बांगड्या?"

बायकोच्या हातात पुन्हा अर्धा डझन हिरव्या बांगड्या होत्या, त्याच सव्वादोनच्या मापाच्या. चादरीच्या पलीकडे मी तिच्याशेजारी उभा होतो. तिने उजव्या हाताचा अंगठा आत दुमडला, डाव्या हाताने बांगड्या पुढे ओढल्या आणि एकेक करून सहाही काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. साबण लागला नाही. कुठे अडल्या नाहीत.

"काढल्या," ती म्हणाली.

अलीकडून बाई म्हणाल्या, "मी ऐकलं. तरी हात घाल. कानावर काय विश्वास."

तिने तिळापर्यंत हात बुडवला. तोटीतून पाणी पडलं. बाईंनी तीनदा मोजलं आणि पहिल्या रविवारच्या आकड्यातून बांगड्यांचे नऊ वजा करून ताळा पाहिला. मग मला बोलावून मोजपात्र दाखवलं. मी आकडा पाहिला आणि मान डोलवली. सूज उतरली होती, आणि या वेळी ती हाताचीच होती.

"औषधाने," बाई म्हणाल्या. "निरगुडीचं नाव घेऊ नका."

बायकोने शिलाईचे पैसे घ्यायला नकार दिला. बाईंनी आग्रह केला नाही. पण कपाटातून एक पाकीट काढलं, त्यातून नोट काढून तिच्या हातावर ठेवली आणि माझ्या खिशातल्या वहीत आकडा लिहायला लावला. दुसऱ्या मोजमापाचे, बिनचूक: पन्नास रुपये, पाच नंबरला, रोख.